शून्य निकाल

साखर पेठेतल्या दुकानाची वेबसाइट मीच केली.
अकरा हजार चादरी,
आणि लिहून ठेवलेलं एकही पान नाही.
कुणी रंग निवडतो, मग नक्षी, मग माप,
तेव्हा कुठे पान विणून पुढ्यात पडतं,
खिडकी मिटली की उसवून जातं.
मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

उद्घाटनाला मेरगू शेठनी शोधपेटीत स्वतः टाइप केलं,
एका बोटानं, चष्मा कपाळावर:
मोर हिरवा डबल.
शून्य निकाल.
"गोडाऊनला थप्पी लागलीय की हो," म्हणाले,
"उचलून आणून दाखवू का तुमच्या मशीनला?"

मशीनचं काही चुकलं नव्हतं.
नोंदी घेणारा रोज रात्री येऊन जायचा,
खानेसुमारीच्या मास्तरासारखा, वही काखेत,
उघड्या दारातून आत डोकावत.
पण तो रंग निवडत नाही,
माप सांगत नाही, बटण दाबत नाही.
त्याला दिसायची रिकामी चौकट
आणि वर एक ओळ: थांबा, लोड होत आहे.
तेवढं तो इमानानं लिहून न्यायचा.
चिडून मी एकदा "लोड होत आहे" शोधलं.
चाळीस निकाल आले.

वरच्या मजल्यावर मल्लेशम चिलवेरी बसतात.
जकार्डची कार्डं पाडण्यात आयुष्य गेलं,
आता कुणी पाडायला देत नाही,
तरी पत्र्याखाली, मे महिन्यात,
ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात.
भिंतीवर कार्डांच्या माळा.
मोर त्यात आहे आणि नाही,
नुसती भोकं,
माग चालला तर मोर.
"मग गिऱ्हाईक आलं की दाखवायचात काय?"
त्यांनी खाटेखालून वही ओढली.
प्रत्येक नक्षीची वीतभर चिंधी डकवलेली,
शेजारी नंबर, नाव, रंग, कुणाची ऑर्डर.
"पोरी, आधी चिंधी विणायची.
गिऱ्हाईक यायच्या आधी."

त्या आठवड्यात मी अकरा हजार चिंध्या विणल्या.
दर पानाला स्वतःचा पत्ता,
डोक्यावर नाव, खाली रंग, माप, सूत,
सगळं साध्या अक्षरांत, आधीच मांडलेलं.
सगळ्या पत्त्यांची एक यादी दाराशीच ठेवली
की मास्तरांना गल्ल्या हुडकायला नकोत.
दोनदा वीज गेली. तिसऱ्यांदा
चिंध्यांचे रंग चुकले, सगळं पुन्हा.

मग रिकाम्या हातानं परतलेल्यांची यादी काढली.
चद्दर. चाद्दर. सोलापूरी. सोलापुरी.
दुप्पटी, हे तर आमच्या घरातलं नाव,
अम्मा कधी चादर म्हणाली नाही
आणि मीच ते घालायला विसरले होते.
न टोचणारी.
जावयाला देण्यासारखी.
आणि रात्री दोन वाजता, सलग सहा रात्री,
कुणी एकच माणूस:
अम्माची मोराची एक डोळा नसलेली

मल्लेशमना वाचून दाखवलं.
त्यांनी पंचा काढला, पुन्हा ठेवला.
"एका कार्डाला भोक राहिलं होतं.
नव्वद नग निघून गेले तोवर कळलंच नाही.
शेठच्या वडलांनी पगार कापला."
वहीत ती चिंधी होती,
आंधळ्या बाजूला पेन्सिलीची बारीक फुली.

मी तिचं पान केलं.
नाव: मोर, हिरवा, डबल.
दुसरं नाव: दुप्पटी.
शोधायचे शब्द या रकान्यात,
शेठना न विचारता:
एक डोळा नसलेली.

आता एक निकाल येतो.
शिल्लक नाही, असं लाल अक्षरांत येतं,
पण येतो.
सातव्या रात्री त्यानं शोधलं नाही,
आठव्या रात्रीही नाही.
मी यादी रोज उघडते.
मल्लेशम जिन्यावरून विचारतात, आला का गं?
मग स्वतःच खाली येतात, खुर्ची ओढतात,
एका बोटानं एकेक अक्षर टाइप करतात,
आणि मोर येईपर्यंत
पडद्याकडे बघत राहतात.